सगळ्या ऋतूंचे टायर

होटगी रोडला मौलाली टायरच्या खाचेत
रुपया उभा घालून बघतो.
"नक्षी हाय की निम्मी. पन हे बगा."
कुशीला अंगठा दाबला,
तर टाचेला पडतात तशा बारीक भेगा.
"झिजला न्हाई ओ मालक. उभ्या उभ्या वाळला."

रबरावरचे चार आकडे वाचून दाखवतो:
आठवडा, साल.
त्याच साली बारा माग नवे बसवले होते मी,
आणि दिवाळीला ही गाडी, पुण्याहून,
वीस इंची चाकांची.
माग भंगारात गेले.
गाडी राहिली पत्र्याच्या कडेला, तोंड पश्चिमेकडं.

ह्याला आवाज कमी,
ह्याला ओल्यात पकड,
आणि हा सगळ्या ऋतूंचा, बर्फातसुद्धा चालतो,
म्हणून स्वतःच हसतो.
बाहेर डांबर चपलेला चिकटतंय.
सोलापुरात ऋतू किती रे, मौलाली?
"दोन. ऊन, आन् लाइट गेल्यावरचं ऊन."

चारांची किंमत ऐकली,
जुन्या सवयीनं
आधी तिचे टॉवेल करून पाहिले, डझनात.
मग म्हटलं, बसव.
"कुठला?"

आवाज करणारा दे.
घरात कळू दे,
निघालो ते.