एकसारखे गाळावेत का

हल शहरात नदी तपकिरी असते,
समुद्राला मिळण्याआधीच दमलेली.
तिसऱ्या मजल्यावर, हंबरकडे पाठ करून,
मी एका अवजाराचं वर्णन लिहितेय
जे माणसं वाचणार नाहीत.
वाचणार एजंट,
आणि त्याला लिहिलेलं सगळं खरं वाटतं.
म्हणून शब्द जपून.
‘बहुधा’ नको. ‘वगैरे’ तर नकोच नको.

अवजाराचं काम साधं:
डेटाबेसला आजवर कुणी काय विचारलं ते दाखवणं.
कुणी, कधी, किती मिलिसेकंदांत, किती ओळी हाती आल्या.
प्रश्न राहतात. उत्तरं इथे ठेवली जात नाहीत.
हे वाक्य मी तीनदा खोडलं
आणि चौथ्यांदा तसंच राहू दिलं.

मिरजेच्या नगरपालिकेत दादा
आवक-जावकच्या टेबलावर होते.
अर्ज आला की क्रमांक, तारीख, विषय थोडक्यात:
‘नळास पाणी नसलेबाबत.’
पुढे पाणी आलं का?
दादा टोपण लावत म्हणायचे, ते दुसऱ्या वहीत.
ती दुसरी वही आम्ही कधीच पाहिली नाही.

दस्तऐवजाला एक उदाहरण हवं होतं.
कौन्सिलच्या घरदुरुस्तीचा जुना इतिहास उघडला
तर तिथे जॅनिस एलरबी,
मार्चमध्ये निवृत्त झालेली, केक कापताना
भाषण नको म्हणून हातानेच नाही म्हणणारी.
दर शुक्रवारी, चार चाळीसला, एकच प्रश्न:
बी ब्लॉक, फ्लॅट चौदा, न्हाणीघरातली ओल,
काम पूर्ण झाल्याची नोंद आहे का.
शून्य ओळी.
पुढचा शुक्रवार. शून्य ओळी.
नाताळच्या आठवड्यातही, गुरुवारी,
कारण शुक्रवारी कचेरी बंद.
एकतीस वेळा.
एकदा घाईत स्पेलिंग चुकलंय,
लगेच खाली दुरुस्त केलेलं.

फ्लॅट चौदामध्ये कोण राहतं, इतिहास सांगत नाही.
जॅनिसची ती कोण, तेही नाही.
मी फोन करू शकले असते.
केला नाही.

आता खरी अडचण. पाचवा पर्याय:
‘एकसारखे प्रश्न गाळावेत का.’
न सांगितल्यास: होय.
म्हणजे एकतीस शुक्रवारांचा एक शुक्रवार,
आणि तोही शेवटचाच.
मी कॅलमला म्हटलं, हे बदलूया.
तो म्हणाला, टोकन वाचतात. पैसा वाचतो.
एकच गोष्ट एजंटला एकतीसदा कशाला वाचायला लावायची?
त्याचं चूक नव्हतं.
बाहेर गल एका चिप्सच्या पाकिटावर
पुन्हा पुन्हा चोच मारत होता, पाकीट रिकामं होतं.

संध्याकाळी मी टीप जोडली:
‘पुनरावृत्ती म्हणजे चूक असेलच असं नाही.
शून्य ओळी म्हणजे अपयश नव्हे.
विचारण्याआधी पाहा, हे आधी कुणी विचारलंय का,
आणि किती वेळा.’
तपासणीत ‘चिकाटी’ हा शब्द उडाला.
मोजता येत नाही, असा शेरा आला.
बाकीचं राहिलं, पर्यायही ‘नाही’वर आला,
कसा कोण जाणे. कॅलम सुट्टीवर होता.

शुक्रवारी चाचणी घेतली.
एजंटला सांगितलं, बी ब्लॉकची थकलेली कामं बघ.
त्याने आधी अवजार उघडलं,
मी लिहिलं होतं त्याच क्रमाने, शहाण्या मुलासारखं,
आणि थांबला.
‘फ्लॅट चौदाबद्दलचा हा प्रश्न
यापूर्वी एकतीस वेळा विचारला गेला आहे.
दरवेळी शून्य ओळी.
पुन्हा विचारू का?’

घड्याळात पाहिलं नाही.
खुर्चीवर कोट तसाच होता, बस चुकणार होती.
मी टाइप केलं,
हो. विचार.