दहावा

प्रतापनगर, रेल्वे क्वार्टर्स.
सोफा गॅलरीत गेला,
खुर्च्या पटेलांकडून आल्या.
हाइम अष्टमकर मोजतो : नऊ.
पुन्हा मोजतो, जणू कुणी खुर्चीखाली असेल.
दहावा आणंदहून निघालाय म्हणे.

आत मलिद्याचे पोहे भिजलेत.
नारळ खवताखवता सेगुलाबाई ऐकतात
अवनेरचं अडखळणं,
तिथूनच ओरडतात,
"अरे, ते रेश आहे, दालेत नाही!
कोपरा बघ की."

या नवांतल्या सातांना
अक्षरं त्यांनीच गिरवायला दिली,
चौकड्यांच्या वहीत,
खाली मराठी उच्चार लिहून.

आज त्यांच्या नवऱ्याचं वर्ष.
कद्दिश त्यांना तोंडपाठ.

पदराला हात पुसत त्या दारात येतात :
"आला का दहावा?"
हाइम त्यांच्याकडे बघतो,
मग घड्याळाकडे.