अंगावर काढणे

शेफिल्डमधली ही लॅब तळघरात आहे.
खिडकी आहे, ती सायकलींच्या चाकांकडे बघते.
ट्रेडमिल ताशी पंधरा किलोमीटर. दर चार मिनिटांनी
पट्टा थांबवायचा, कानाची पाळी पुसायची,
टोचायची, एक थेंब.
लॅक्टेट तीन पूर्णांक एक. पुन्हा पट्टा.

सहभागी क्रमांक एकवीस: हेझल हॅटर्स्ली, वय बावीस,
डोंगरावर पळते, मेंढ्यांच्या वाटांनी, घोटाभर चिखलातून.
फॉर्मवर वेदना, शून्य ते दहा: दोन.
शेवटची पाळी: हसली.
"चौदा महिने झाले. कोच म्हणतो, म्हणजे शरीर तयार झालं."
मी लिहून घेतलं. माझ्या हातमोज्यावर होता
तिच्या त्या दुसऱ्या पाळीचा ताजा थेंब.

पुढच्या मंगळवारी स्कॅन आला.
डाव्या नडगीत चीर, केसासारखी, निदान सहा आठवडे जुनी.
त्या चिरेवर ती दोन शर्यती पळाली होती,
एकीत तिसरी आली होती.

याला आमच्याकडे अंगावर काढणे म्हणतात.
इंग्रजीत शोधलं मी. सहन करणे नव्हे,
लपवणे नव्हे, नुसता हट्टही नव्हे.
सांगलीच्या शाळेत मावशीने खो-खो शिकवत
एक गुडघा तेवीस वर्षं अंगावर काढला
आणि निरोप समारंभात तिला मिळाली
घडीची खुर्ची.
पोटाला चिमटा, हाडांची काडं, रक्ताचं पाणी:
भाषेत सगळी लक्षणं आधीच नोंदलेली,
फक्त किती जणींना तपासून, ते कुणी लिहिलं नाही.

डॉक्टर प्रिचर्ड म्हणाले, एकवीसला वगळा.
वगळली. आलेखातली रेषा लगेच सुतासारखी सरळ.
रात्री ती ओळ मी परत घातली,
काढली,
परत घातली.

प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवा, असं कळवलंय:
दुखतंय हे तुम्ही किती दिवस कोणालाच सांगितलं नाही?
समितीचं उत्तर आलं, प्रश्न मोघम आहे.

काल हेझल कुबड्यांवर आली, विसरलेली बाटली न्यायला.
माझ्या डब्यातला दशमीचा तुकडा तिने उभ्यानेच खाल्ला.
किती कॅलरी, विचारलं.
मोजल्या नाहीत, म्हटलं.
मग ट्रेडमिलकडे बघत, अगदी सहज:
"हा पट्टा संध्याकाळी कितीपर्यंत मोकळा असतो?"