लाल दिव्याची गाडी

दारव्ह्याच्या कंपाउंडरकडून घेतली तेव्हा
मीटरच्या काचेवर एक टिकली होती,
मखमली, मरून, डाव्या कोपऱ्यात.
वाटलं, त्यांच्या घरच्या कुणीतरी
घाम पुसताना काढून तिथं लावली असेल.
तीन आठवडे तशीच राहू दिली.

काल उन्हानं तिची कड सुटली
आणि खालून लाल डोकावलं.
गोलात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस,
नाटकाच्या पुस्तकात असते तशी
कंसातली सूचना,
जी मोठ्यानं कुणी वाचत नाही.

उकंडराव कुंपणावरून म्हणाले,
"बेबीनं लाल दिव्याची गाडी घेतली बापा!"
आणि लगेच उपाय,
"बल्बच काढून टाक ना. कटकट कायले?"

बाबा खाटेवर.
पुसद डेपोत एकतीस वर्षं एसटीच्या पोटाखाली गेलेली.
आता बशी दोन्ही हातांनी धरतात,
तरी चहा सांडतो.
उकंडरावांकडे त्यांनी पाहिलंही नाही.
"आंधी हँडब्रेक पाय."
खालीच आहे.
"वर कर, खाली कर, आता पाय."
तरी लागलेलाच.
"मंग बॉनेट."

इंजिनामागं पांढरट डबी.
तेल खालच्या रेघेच्याही खाली, बोटभर.
"वरून टाकून देऊ?"
बाबा बराच वेळ गप्प.
मग, "गेलं कुठं थे इचार आंधी."

गेलं कुठं.
चारही चाकांपाशी वाकले, दोनदा.
मागच्या डाव्या टायरची आतली बाजू ओली,
बोटांना बुळबुळीत.
आर्णीकडच्या उतारावर ब्रेक मऊ लागायचा,
मला वाटायचं, माझाच पाय नवा आहे.

जॅक काळ्या मातीत रुतायला लागला
म्हणून खाली धुण्याची फरशी दिली,
पुढच्या चाकांना विटा.
ड्रम निघता निघेना.
मी हातोडी उगारली तर खाटेवरून,
"मारू नको त्याले. समजाव."
मग कडेकडेनं ठोकत, फिरवत, समजावत.
आत सगळं काळं, चिखलासारखं,
आणि सिलिंडरच्या तोंडाशी रबराची वाटी,
तिला चीर,
नखानं ओढावी एवढी.

दिग्रसहून रबर आणलं, भिजलेले लायनरही बदलले.
तेलाचा डबा सीलबंदच घे म्हणाले,
उघडा राहिला की थो हवेतलं पाणी पेते.

पुढचं काम एकट्याचं नव्हे.
एकानं ब्रेक दाबायचा, एकानं हवा काढायची.
बाबा स्वतःच उठले.
हात थरथरत होते, पाय नाही.
मी खाली मातीत पाठ टेकून,
नळीचं टोक खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, तेलात बुडवलेलं.

"दाबा."
"दाबला."
"धरून ठेवा."
"धरला."
पाना पाव आटा ढिला, बुडबुडे, पुन्हा कस.
"सोडा."
"सोडला."

आई गेल्यानंतर आमचं इतकं बोलणं
झालं असेल का एका दमात?
आठवत नाही.
मी बुडबुडे मोजत होते.

आठव्या खेपेला बुडबुडे थांबले.
"दाबा," मी म्हटलं.
"दाबला."
पुन्हा म्हटलं. आणखी एकदा.
"हवा हाय का अजून?"
"आहे थोडी."
त्यांच्या पायाखाली ब्रेक केव्हाच दगड झाला होता,
एकतीस वर्षं झालेल्या पायाला
ते कळलं नसेल, असं कसं म्हणू?
"दाबला," ते म्हणाले.
"धरला."

मग चाक चढवलं, डबीत वरच्या रेघेपर्यंत तेल.
सांडलेल्या थेंबांवर लगेच पाणी, नाहीतर रंग जातो.
किल्ली फिरवली.
सगळे दिवे एकदम लागले,
एकेक विझत गेले.
लाल जरा रेंगाळला,
मग तोही.

टिकली बाबांच्या अंगठ्याला चिकटलेली.
ती त्यांनी शर्टाच्या खिशाला आतून लावली
आणि खाटेकडे जाता जाता म्हणाले,
"सकाळी रेघ पायजो.
उतरली नाई तरी पायजो.
अन् परवा बी."