बर्फाची तारीख

ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी डेल्फीन पेलेटिए
ओले बूट दाराशी काढून माझ्या खोलीत आली.
मेन राज्यातलं आमचं गाव, बंद पडलेली कागदगिरणी,
आणि सव्वीस वर्षं याच खुर्चीत मी,
पोरांना कॉलेजांची नावं सांगणारा.

तिनं वही उघडली.
"लवकर अर्ज केला तर शंभरातली छत्तीस मुलं घेतात.
वेळेवर केला तर आठ.
मिस्टर हॅस्केल, ही आठ कोण असतात?"

म्हटलं, आधी ते छत्तीस बघ.
त्यात वल्ही मारणारे आले, हॉकीचे गोली आले,
ज्यांच्या आजोबांचं नाव तिथल्या बाकावर कोरलंय तेही आले.
ते वजा कर, मग उरतात
मी पेन्सिल उचलली
आणि खाली ठेवली.
किती उरतात ते कॉलेज सांगत नाही.

मग तो कागद दाखवला.
मुलीची सही, पालकांची सही, माझी सही.
घेतलंत तर येईनच,
बाकीची दारं माझ्याच हातानं लावून घेईन.
थोडक्यात, होकार आधी,
देण्याघेण्याची बोलणी नंतर.

तिची आई रोझलिन वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
पाळी संपवून तशीच आली, कागद दोनदा वाचला.
"आणि नाहीच परवडलं तर?"
तर मोकळं करतात, मी म्हणालो, नियमात तशी सोय आहे.
"सोय," ती म्हणाली,
आणि पेनाला टोपण लावलं.
गिरणी बंद झाली तेव्हाही
सोय केली होती म्हणे सगळ्यांची.

विदरेल डेंटिस्टच्या मुलानं सही केली.
डिसेंबरच्या मध्याला, संध्याकाळी सात वाजता, त्याला उत्तर आलं.
चांगला मुलगा. खरंच चांगला.
दुसऱ्या दिवशी कॉलेजचा जांभळा स्वेटर घालून आला
आणि डेल्फीन दिसताच
जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.
वर्गातला हीटर भट्टीसारखा तापला होता.
घाम येत होता त्याला, पण चेन उघडली नाही.

जानेवारीत तिनं नऊ अर्ज पाठवले, सगळे फी माफ.
तोवर तिला हव्या त्या कॉलेजातल्या
निम्म्या खाटांवर नावं पडली होती.

आमच्याकडे अग्निशमनवाले दर हिवाळ्यात
गोठलेल्या तळ्याच्या मधोमध एक जुनं वॉशिंग मशीन नेऊन ठेवतात.
ते कधी बुडेल त्यावर दोन डॉलरची पैज.
डेल्फीननं माझ्याच कॅलेंडरवर बोट फिरवत लिहिलं:
सतरा एप्रिल.
इतकं उशिरा? मी विचारलं.
"लवकरच्या तारखा सगळेच घेतात," ती म्हणाली,
"थंडीला कंटाळलेले असतात ना."

मार्चच्या शेवटी त्या कॉलेजनं
तिला प्रतीक्षायादीत टाकलं.
नाही न म्हणता नाही म्हणायची रीत.
मी दोन दिवस तिच्यासमोर जायचं टाळलं.
तो कागद अजून माझ्या खणात आहे,
तीन सह्यांपैकी एकच झालेला.
माझी मी आधीच करून ठेवली होती.

होकार आले दोन.
एक ओहायोतल्या मक्याच्या शेतांमधून,
जिथं ती कधी गेलेली नव्हती, आणि तिथले पैसे
जवळजवळ सगळे तेच देणार होते.
रोझलिननं दोन्ही पत्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली,
आकड्यांखाली रेघा ओढल्या.
या खेपेला पेनाचं टोपण कुठं गेलं
ते कुणी शोधलं नाही.

मशीन बुडालं अठरा एप्रिलला, सकाळी नऊला.
पैज जिंकला बसचालक गेर्वे, पूर्वी दोनदा जिंकलेला.
डेल्फीन काठावर उभी होती,
हात खिशात, नाक लाल.
"माझी तारीख बरोबर होती," ती म्हणाली.
"बर्फाला उशीर झाला."