शाळेमागचा ढीग

पहाटे चारला, मी राईची पेज चुलीवर ठेवते तेव्हा,
वेइक्को ट्रॅक्टरला नांगर जोडतो.
काम साधं : कायानीच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटायचा,
आमच्या शाळेमागे, कुंपणाशी आणून टाकायचा.
तक्त्यात रकाने तीन.
तास, डिझेल, किलोमीटर.

ढीग कसाही टाकला तरी ढीगच.
पण परवा मधल्या सुट्टीत इल्मा, पहिलीतली,
घसरता घसरता वळणावर आपटली
आणि रडायच्या आधी ओरडली,
"हे फार पटकन वळतं!"
ट्रॅक्टरची काच खाली होती.

तेव्हापासून शेवटची खेप टाकून
तो लगेच निघत नाही.
फाळ तिरका धरतो, मागे येतो, पुन्हा जातो,
मी उलथण्याने धिरड्याची कड सारखी करते ना, तसा.
पेज उतू जायला येते तेवढा वेळ.
ती सात मिनिटं कुठे लिहायची
त्यालाही ठाऊक नाही.
डिझेलच्या रकान्यात मुरतात बहुतेक.

नगरपालिकेचा माणूस आला, म्हणाला, हे काय?
"बर्फ," वेइक्को म्हणाला.
खोटं नव्हतं.

मे महिन्यात ढीग मातकट होऊन खाली बसतो.
पोटातून निघतात
पाच हातमोजे, सगळे डावे,
एक मोडकी पट्टी.
मोजे तो कुंपणाच्या तारेला अडकवतो
आणि चिखलात टाचेने एक रेघ ओढतो,
पुसतो,
जरा लांबून घेतो.

मी खिडकीतून पाहते.
पेजेत आज चिमूटभर वेलदोडा टाकलाय,
कुणी सांगितलं नव्हतं.