बारा खळगे

एल्मिनाच्या धक्क्यामागे, जाळी शिवणाऱ्यांच्या सावलीत
एकोव आणि मी. मधे ओवारेचा पट.
बोटीच्या इंजिनाच्या पैशांवरून
ईस्टरपासून धड बोललो नाही आम्ही.
बियांचाच काय तो आवाज, टक, टक.

आज मी त्याला धुऊन काढलं.
त्याच्या बाजूला एक बी उरलं नाही,
माझ्याकडे नऊ.
खवले काढता काढता मान्सा मावशी म्हणाली,
"अराबा, उपाशी ठेवून जिंकत नाहीत.
पेर त्याच्याकडे."
नियमच तो. लहानपणी त्यानंच शिकवलेला,
हरून मी रडायचे तेव्हा.

पेरल्या.
तीन बिया पडल्या पलीकडे.
एकोवनं त्या मोजल्या, उगाच, दोनदा.
मग खालमानेनं विचारलं,
"इंजिन चालतंय ना नीट?"